तेवीस इंजेक्शनांचा तक्ता

१३ जुलै १९६५, मंगळवार. पालघर स्टेशनजवळचा दवाखाना. हजर: डॉक्टर, त्यांचे कंपाउंडर, आई, मी आणि माझी धाकटी बहीण तेरेजा. वय चोवीस, पियानो शिक्षिका.

डॉक्टरांनी तपासायची नळी कानांतून काढली आणि म्हणाले, "रुमॅटिक हार्ट डिसीज." म्हणजे लहानपणी घसा धरतो, ताप येतो, सांधे सुजतात. ते बरं होतं आणि घर विसरून जातं. पण तो ताप हृदयाच्या झडपा बिघडवून गेलेला असतो. तेरेजाची एक झडप आखडली होती.

"आखडली ती आखडली," डॉक्टर म्हणाले. "पण तो ताप पुन्हा येता कामा नये. दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिन, कमरेत. एकही चुकवायचं नाही."

पहिलं इंजेक्शन तिथेच झालं. घरी येऊन मी तक्ता आखला आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. मी शाळेचं वसतिगृह सांभाळते. साठ मुलींचा साबणसुद्धा माझ्याकडे यादीवर मिळतो. तेरेजा हसली. "बाय, तू स्वर्गात गेलीस की दारावरच्या संत पेत्राचीही हजेरी घेशील."

तिचा दिवस ठरलेला होता. पहाटे चर्चमध्ये मिस्सा, मग शाळा, संध्याकाळी रोझरीची जपमाळ. गुरुवारी तारापूरला जायची. तिथे वीज केंद्राचं बांधकाम चाललं होतं आणि कॉलनीतल्या इंजिनिअरांच्या मुली तिच्याकडे पियानो शिकायच्या. इंजेक्शनाच्या दिवशी ती शाळेतून एकटीच दवाखान्यात जायची. मी विचारायची, "झालं?" ती म्हणायची, "झालं, बाय." मी खूण करायची.

ऑक्टोबर १९६६ च्या अखेरीस तिला आडवं होता येईना. खोकल्याबरोबर गुलाबी फेस यायचा. तो भांड्यात धरताना मला ओकारी यायची, आणि त्या ओकारीची लाज वाटायची. डॉक्टर कंपाउंडरना घेऊन घरी आले. म्हणाले, "पल्मनरी इडिमा. फुप्फुसात पाणी भरलंय. मुंबईला हलवा. इंजेक्शनं नियमित होती ना?"

मी कपाटाच्या दारावरून तक्ता काढून पुढे केला. तेवीस खुणा. मला त्या तक्त्याचा अभिमान होता, हेही लिहून ठेवते.

कंपाउंडरनी तो पाहिला आणि मान खाली घातली. "ताई, चारच झाली. बाई यायच्या, बाकावर बसायच्या, जपमाळ ओढायच्या. मी सुई उकळून आणली की म्हणायच्या, आज नको. मी पुरुषमाणूस, बळजबरी कशी करणार? तुमच्या आईंना सांगितलं होतं."

मी आईकडे पाहिलं.

"लग्नाची पोर हाय," आई म्हणाली. "परक्या बाप्यासमोर कंबर उघडी टाकायची? तिला नाय पटलं, मला बी नाय पटलं. आमी नऊ दिसांच्या प्रार्थनेचा नोव्हेना धरला होता."

मुंबईच्या इस्पितळात ती नऊ दिवस होती. वॉर्डात फिनेल, लघवी आणि शिळ्या डाळीचा वास एकमेकांत मिसळलेला असे. तिचे पाय सुजून तकतकीत झाले होते. दाबलं की खड्डा पडे आणि तसाच राही. चौथ्या दिवशी गावाकडच्या बाया भेटायला आल्या. त्यांना इंजेक्शनाचं कळलं होतं. एक म्हणाली, "पोरीनं जीव धोक्यात घातला, पन लाज राखली. संतीण हाय." तिने तेरेजाच्या पायाला हात लावून तो स्वतःच्या कपाळाला लावला. मी त्यांना बाहेर काढलं. नंतर ती खाट पुसून घेतली.

त्या दुपारी तेरेजा मला म्हणाली, "बाय, मी तुझ्याशी खोटं बोलले. दर शनिवारी फादरांपुढे पापनिवेदनात सांगत होते."

"मला सांगायचं होतंस."

"तू ओढत नेलं असतंस."

खरंच नेलं असतं. नवव्या दिवशी ती गेली. सव्वीस पुरी होऊन दोन महिने झाले होते.

दफनाला तारापूरच्या कॉलनीतल्या दवाखान्याची नर्स आली होती. मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. तिने सगळं ऐकलं आणि माझा हात धरला. "दीदी, मुझे क्यों नहीं बोला? हर गुरुवार वो मेरे कमरे में चाय पीती थी. दो मिनट का काम था."

सव्वा वर्ष. मी एकवीस-एकवीस दिवस मोजत बसले, पण सुई कोण टोचतं हा प्रश्न मला सुचला नाही. आईची मला किळस आली, त्या बायांची आली. सगळ्यात जास्त माझ्या नीटनेटक्या खुणांची आली. तक्ता मी चुलीत घातला.

तुमच्या घरात कुणाला हे दुखणं असेल तर रुग्णाच्या शब्दावर खूण करू नका. सोबत जा, आत जा, सुई टोचताना पाहा. लाज वाटत असेल तर बाई शोधा. सापडते.

तेरेजाची एक विद्यार्थिनी आहे, कुसुम, दहा वर्षांची, सातपाटीची. गेल्या महिन्यात तिचा घसा धरला होता. आता गुडघे सुजलेत. मी तिच्या आईकडे दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा म्हणाली, "वाढतं अंग हाय, मावशी." दुसऱ्यांदा म्हणाली, "सुई टोचनारा बाप्याच ना? नको. सन झाल्यावर बघू."

तारापूरच्या नर्सबाईंशी बोलून ठेवलं आहे आणि तसं तिच्या आईला कळवलं आहे. कुठल्याही गुरुवारी, दुपारी तीननंतर. दोन गुरुवार गेले. कुसुमला तिच्या आईने अजून नेलेलं नाही.