मोजणीच्या वाटेवरची आंबील

...तर हैदराबादचे ते जाडजूड साहेब निम्म्या डोंगरावर बसकण मारून म्हणाले, "वीरण्णा, चोटी को यहीं ले आओ." काल इथंच थांबलो होतो आपण. आमचा वाटाड्या वीरण्णा गडबडला नाही. साहेबांना सुरईतलं पाणी दिलं आणि माथा खाली आणता येईना म्हणून माथ्याची गोष्ट खाली आणली. फार पूर्वी गोऱ्या मोजणीदारांनी याच वाटेनं आपलं अवजड यंत्र माणसांच्या खांद्यांवरून वर नेलं, माथ्यावर दगडी ओटा बांधला आणि तिथून लांबलांबच्या टेकड्या हेरून मुलूख मोजला. साहेब बसल्या जागी खूश.

हिवाळा आला की असे हौशी लोक भालकीकडून आमच्या गावात उतरायचे, मोजणीच्या वाटेनं फिरायचे, ओट्यावर जेवायचे. काटे तोडणं, पाणी नेणं, गोष्ट सांगणं यावर वीरण्णाचं पोट. शेत त्याला कधी नव्हतंच.

पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं आणि ते साहेबही गेले. नव्यांना फिरायची हौस नव्हती. तरी वीरण्णा आपला काटे तोडतोय. मग कळलं, डोंगर खडी फोडायला ठेक्यानं जाणार. वीरण्णा तालुक्याच्या कचेरीत जाऊन बसला. तिथला अधिकारी भला होता. म्हणाला, "गावची माणसं त्या वाटेनं जातात हे मला डोळ्यांनी बघू दे, मी ठेका थांबवतो. दिवस तूच ठरव."

वीरण्णानं ठरवला येळवशीचा, म्हणजे वेळअमावस्येचा दिवस.

आता आमच्याकडं येळवशीला गावात कुत्रंसुद्धा राहत नाही. जो तो आपल्या रानात. कडब्याची कोप करायची, आत पाच दगड मांडून पांडव पुजायचे, मग भज्जी, उंडे, आंबील. वाटसरूला हात धरून जेवायला बसवतील, पण दिवस कलेपर्यंत आपली कोप सोडून कोणी हलायचा नाही. सारं गाव हसलं. त्याची बायको सिद्धव्वा म्हणाली, "रान न्हाई त्या माणसाला येळवस काय कळायलीय." पण आंबिलीचं मडकं तिनंच भरून दिलं.

शेजारच्या रानातला बंडेप्पा दुपारी ढेकर देत म्हणाला, "म्हातारा डोंगराला जेवू घालायलाय." आम्ही पोट धरून हसलो.

दिवस कलला, कोप आवरली, तेव्हा मी वर गेलो. वीरण्णा ओट्यावर एकटाच. अधिकारी येऊन, वाट बघून, आंबील पिऊन गेला होता. परवापासून ठेकेदाराची माणसं येतील, असं सांगून गेला होता. मडकं जवळजवळ भरलेलंच.

मी म्हटलं, "काका, येळवस सोडून दुसरा दिवस गावला न्हाई व्हय तुमाला?"

त्यानं वाटीत आंबील ओतून माझ्यापुढं केली आणि म्हणाला, "दुसऱ्या दिवशी बी कोणी आलं नसतं, आप्पा. आज आले न्हाईत, तर रानात गेलेत म्हणून मला म्हणता येतंय."