पाट मागायला येणारी काकी

काकी गेल्याचा फोन आला तेव्हा मी संध्याकाळच्या भाकऱ्यांचं पीठ मळत होते. फोन जोह्याहून, तिच्या सुनेचा, अर्चनाचा. "ताई, आई गेल्या... दुपारी जेवल्या, आमटी बरी झालीय म्हणाल्या, जरा पडते गो म्हणाल्या, आणि उठल्याच नाय." पिठाचे हात तसेच घेऊन मी ओट्याला टेकून उभी राहिले. आणि खरं सांगू? रडू यायच्या आधी मला हसू आलं. सुनेच्या आमटीला बरी म्हणणारी कुसुमकाकी मी वीस वर्षांत पाहिली नव्हती. म्हणजे बाई सगळी कामं उरकूनच गेली, असं वाटलं. मग मात्र डोळे भरले ते कितीतरी वेळ थांबेनात. त्या दिवशी आमच्याकडे भाकऱ्या झाल्याच नाहीत.

काकी माझी नात्यातली कुणी नव्हे. पेणजवळच्या जोह्यात तिचा गणपतीचा कारखाना होता, आणि आम्ही तिचं गिऱ्हाईक. त्या गावात अंगणागणिक कारखाना, त्यात हिचा अगदीच लहान. नवरा लवकर गेला, पण मूर्तीच्या डोळ्यांची आखणी तिच्या हातात होती, म्हणून गिऱ्हाइकं टिकली. आमच्याकडे गणपती दुकानातून उचलून आणत नाहीत. घरचा लाकडी पाट महिना-दोन महिने आधी कारखान्यात नेऊन द्यायचा, त्याच्या मागे नाव लिहिलेलं असतं, आणि त्याच पाटावर मूर्ती बसवून घरी येते. आषाढ लागला की असे पाट काकीकडे यायला लागायचे, भिंतीला ओळीनं उभे राहायचे. इतर कारखानदार आलेले पाट मोजत. काकीचं लक्ष न आलेल्या पाटांकडे. तिचा हिशेब साधा होता. आमच्याकडचा माणूस घराला रंग द्यायचं पुढे ढकलेल, सणाला जुना सदरा घालेल, पण घरचा गणपती चुकवणार नाही. तेव्हा ज्या घरचा पाट आला नाही, त्या घरात काहीतरी बिनसलंय.

हे 'बिनसलेलं घर' मग गुरुवारच्या भजनात निघायचं. गावच्या विठ्ठल मंदिरात बायकांचं भजनी मंडळ होतं. येताना प्रत्येकीनं मूठभर तांदूळ नाहीतर डाळ आणायची आणि देवासमोरच्या डब्यात टाकायची, हा काकीनंच पाडलेला पायंडा. "यांचं भजन थोडं आन् तांदूळ फार," असं गावातले पुरुष चिडवायचे. काकीचा आवाज इतका भसाडा होता, की भजन थोडं होतं तेच बरं, असं मी तिच्या तोंडावर म्हणत असे. ती म्हणायची, "विठ्ठलानं तक्रार केली तर बंद करीन."

तिची माझी खरी ओळख झाली ती आमचा पाट गेला नाही त्या वर्षी. आम्ही राहतो अष्टमीत, रोह्याच्या पुलापलीकडे. नवऱ्याचं कंपनीतलं कंत्राट संपलं होतं, दुसरं मिळत नव्हतं. घरात दोन लहान मुली. आणि मी पडले मानी. शेजारणींना सांगून टाकलं, की यंदा गणपती दिरांकडे आहे. दिरांना सांगितलं, की आम्ही इथेच बसवतोय. एका खोट्याला दुसरं खोटं जोडत गेले. मनाशी ठरवलं होतं, की चतुर्थीला दार लोटून घ्यायचं, सुपारी मांडून तिलाच गणपती म्हणायचं आणि मुलींना काय सांगायचं ते तेव्हा बघू.

श्रावणातल्या एका सकाळी दारात काकी. जोह्याहून पेण, पेणहून रोहा, दोन एसट्या बदलून आलेली, पदर खोचलेला, हातात कापडी पिशवी. पाणीसुद्धा न मागता म्हणाली, "पाट दे गो."

"काकी, यंदा नाय बसवत."

"नाय बसवत? बाप्पाला कळवलंस काय?"

"सुपारी पुजणार आहे."

"सुपारी खा फोडून. पाट कुठाय तो सांग."

पाट माळ्यावर होता. मी स्टुलावर चढले, तिनं खालून स्टूल धरलं. आणि माळ्यावरचे डबे बाजूला सारता सारता, तिच्याकडे पाठ करून, मी सगळं सांगून टाकलं... कंत्राट, दीर, शेजारणी, सगळं. तिनं काहीही विचारलं नव्हतं. पुढे मला कळलं, की ही तिची नेहमीचीच रीत. का, कसं, किती, असं काही विचारायचं नाही, फक्त पाट मागायचा. "पाट माळ्यावरून खाली येईपर्यंत माणूस आपोआप बोलतं," ती म्हणायची.

निघताना पिशवी ओट्यावर ठेवली. तांदूळ, डाळ, गूळ, तेल. माझा चेहरा बघून म्हणाली, "आमच्या कारखान्यात मूर्तीबरोबर शिधा द्यायची पद्धत हाय." ही पद्धत तिनं स्वतःच काढलेली. पण थाप नव्हती, कारण तशीच पिशवी ती खरोखर प्रत्येक गिऱ्हाइकाला द्यायची. पेणच्या डॉक्टरांच्या पिशवीत मूठभर तांदूळ आणि गुळाचा खडा, आमच्यासारख्याच्या पिशवीत महिन्याचं धान्य. बाहेरून कुणाची कुठली ते ओळखू येऊ नये. मूठभरवाली मंडळी पुढल्या वर्षी लाजेकाजेनं पोतं आणून टाकत, हा वरचा फायदा. आमचा पाट काखोटीला मारून ती निघाली तेव्हा दारात थांबून म्हणाली, "नवऱ्याला धाडून दे. रंगाला माणूस हवाय, आन् मी कुणाला फुकट जेवायला घालत नाय." तो महिनाभर जोह्यात राहिला, स्प्रेनं मूर्ती रंगवायला शिकला, आणि तिथूनच माणूस परत ताठ चालायला लागला. त्या चतुर्थीला आमच्या घरी गणपती आला. मुलींनी आरतीत इतका धुडगूस घातला, की मी ओरडले आणि मग न्हाणीघरात जाऊन पोटभर रडले.

तिचे अंदाज चुकायचेही. एकदा पेणमधल्या एका घरचा पाट आला नाही म्हणून काकी धान्याची पिशवी घेऊन तिथे थडकली. पाहते तर जुन्या घराच्या जागी दुमजली बंगला, दारात गाडी. त्यांनी यंदा मोठी मूर्ती दुसऱ्याच कारखान्यात सांगितली होती, आणि काकीला तोंड कसं दाखवायचं म्हणून गप्प बसले होते. "मी पिशवी पायामागं लपवून बसले," काकी सांगायची, "आन् ती बाई घाबरून मला कॉफीवर कॉफी पाजतेय. दोघी चोर!" हे सांगताना ती इतकी हसायची, की ठसका लागायचा. शेवटी पिशवी तिनं त्यांनाच दिली. ती बाई पुढच्याच गुरुवारी भजनाला आली, आणि अजून येते.

गेल्या आठवड्यात अर्चनाचा पुन्हा फोन आला. "ताई, सगळे पाट आले. एक नाय आला. तुमच्याच अष्टमीतला हाय. मला आईंसारखं बोलायला जमायचं नाय, तुम्ही जाल?" घर सुनीताचं, माझ्यापासून दोन गल्ल्यांवर. तिच्या नवऱ्याचं पाठीचं ऑपरेशन झालंय आणि तो चार महिने घरी आहे, हे मला माहीत होतं. मी भाजी घेताना तिच्याशी बोललेही होते. पण पाटाचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ते जोह्यात बसून काकीला सुचलं असतं. मला माझीच लाज वाटली.

पिशवी भरली आणि गेले. वाटेत दोन शब्द तोंडात घोळवत होते, कारण काकीसारखं 'दे गो' म्हणायला अंगात तेवढा अधिकार लागतो, आणि सुनीताही माझ्यासारखीच मानी. तिनं नाही म्हटलं तर तिच्या पोरांचा गणपती माझ्या हातून जाणार, ही धास्ती होती. कडी वाजवली. सुनीतानं दार उघडलं, माझ्या हातातल्या पिशवीकडे बघितलं, आणि मी तोंड उघडायच्या आत बाजूला झाली.

दाराआडच, भिंतीला टेकवून, पाट उभा होता.

"काकी गेली ते कळलं," ती म्हणाली. "आपणहून धाडायला हात होईना... पण पोरं विचारतात ना. म्हणून रोज सकाळी धुऊन ठेवत होते. म्हटलं, कोणीतरी येईलच मागायला."

मी पाट उचलला. तो अजून ओला होता.