यमुनाकाकूचा तुटलेला धवला

भुताखेतांच्या गप्पा रंगल्या की उठून चहा टाकायला जाणारा मी माणूस. शेलूला राहतो, ऑफिसचे बॅकअप सांभाळतो. फाइल कॉपी केली की टर्मिनलमध्ये कमांड देऊन दोन्हींचा चेकसम काढायचा, ही जुनी खोड. अक्षरं-आकड्यांची लांबलचक ओळ येते. फाइलमध्ये कणभर जरी बदल झाला तरी ती पार वेगळी येते. माझी श्रद्धा काय ती त्या ओळीवर!

कळंबची आमची यमुनाकाकू धवलारीण होती, म्हणजे लग्नात धवले, लग्नविधींची पारंपरिक गाणी, गाणारी. ती वारण्याआधी मी तिचा धवला फोनवर रेकॉर्ड केला. शेवटच्या कडव्याशी ती थांबली.

"हितं नवरीचं नाव घेयाचं, मंग तिला आशीर्वाद. हरएकीला येगळा, तवाच सुचतो. मांडव नाय, नवरी नाय... कुनाला देऊ रं?"

यंदा तिच्या नातीचं, प्राजूचं लग्न निघालं. "काका, हळद आजीच्याच धवल्यावर लागली पायजे," एवढाच पोरीचा हट्ट. मी फाइल पेनड्राइव्हवर घेतली, चेकसम जुळवला आणि साउंडवाल्याकडे दिली.

भर दुपारी हळद लागत होती. काकूचा आवाज ठरल्या जागी थांबला. बायका डोळे पुसायला लागल्या... आणि आवाज पुन्हा सुरू झाला. शेवटचं कडवं — आणि त्यात प्राजूचं नाव!

मी काय करावं? हल्ली एआयने कुणाचाही आवाज काढतात. कोणीतरी फाइलशी खेळलंय, एवढंच डोक्यात आलं. धावत जाऊन पेनड्राइव्ह उपटला. आवाज नावाशीच तुटला.

"दादा, मी हात पन नाय लावला," साउंडवाला घाबरून म्हणाला.

तिथेच लॅपटॉप उघडून कमांड दिली. ओळ जुळली, शेवटच्या अक्षरापर्यंत. पुन्हा लावली, तर फाइल नेहमीच्याच जागी संपली. परत परत लावली. नावही नाही, कडवंही नाही. मला भास झाला म्हणावं, तर अख्ख्या मांडवाने ऐकलं होतं. फाइल बदलली नव्हती, हे मी कुणालाही दाखवून देईन. मग आम्ही ऐकलं ते काय? खरंच सांगता येत नाही. मन मात्र खात राहतं.

हळदीने माखलेली प्राजू पाटावरून माझ्याकडे बघत होती. चिडली नव्हती, तेच जास्त लागलं.

"काका, फाइल मागनं पन तपासता आली असती ना रं," ती म्हणाली. "आजी मला काय देत होती, तेवढं ऐकू द्यायचं होतंस."