लोहचुंबक लेले आणि माझा साडू

जगात इतक्या सरळ चेहऱ्याने इतक्या वाकड्या गोष्टी सांगणारा माणूस माझ्या साडूखेरीज दुसरा जन्माला आलेला नाही, आणि आला असलाच तर त्या दोघांची गाठ पडू नये, एवढीच माझी प्रार्थना आहे. साडू म्हणजे माझ्या धाकट्या मेहुणीचा नवरा. मूळचा वाशिमकडचा. इंजिनियर होऊन पुण्यात आला आणि हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगला चिकटला. दुसऱ्याने केलेल्या कामातल्या चुका काढायच्या आणि वर त्याचा पगार घ्यायचा, ही नोकरी ऐकून आमचे सासरे थक्क झाले. "आमच्या घराण्यात हे काम पिढ्यान्पिढ्या सगळे फुकट करत आले," असं म्हणून त्यांनी लग्नाला होकार दिला.

साखरपुड्याच्या पंगतीतच या गृहस्थाने आपली चुणूक दाखवली. सासऱ्यांचे थोरले बंधू हे समोरच्याचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत ते दुरुस्त करणारे. त्यांना हा म्हणाला, "आमच्या गावाबाहेर एक चिंच आहे. तिच्या सावलीत घड्याळ सात मिनिटं मागे पडतं." काकांनी आमटीची वाटी ओठांशीच थांबवली. "कोणतं घड्याळ?" हा शांतपणे म्हणाला, "किल्लीचं. सेलवाल्याला काही होत नाही." झालं! त्या सेलवाल्याने काकांचा बंदोबस्त केला. पुढे महिनाभर ते स्वतःच लोकांना त्या चिंचेचं शास्त्रीय कारण समजावून सांगत होते. मी एकदा साडूला याबद्दल छेडलं, तर म्हणाला, "खोट्याला घर नंबर द्यावा लागतो साडूभाऊ. घर नंबर असला की पोस्टमन जास्त विचारत नाही."

नोकरीतली सवय त्याच्या अंगात इतकी मुरलेली की हॉटेलात गेला की हा मेनूकार्डातला शेवटचा पदार्थ मागवणार. "बनवतात की नुसतं छापून ठेवलंय, बघायला पाहिजे ना." एकदा उडप्याकडे त्याने असंच काहीतरी रशियन नावाचं मागवलं. वेटर आत गेला, मालक बाहेर आला, दोघे आत गेले, आणि अर्ध्या तासाने शिऱ्यावर काकडीचे काप लावून एक बशी आली. हा ती चाटूनपुसून खाऊन मालकाला म्हणाला, "साखर थोडी जास्त झाली. बाकी रशियात अशीच देतात."

अशा माणसाला मी आमच्या रविवारच्या मंडळात नेलं, ही माझी चूक. त्या वर्षांत पुण्यात घराघरातलं कुणी ना कुणी संगणकाच्या कंपनीत लागत होतं. तिशीतच मंडळींच्या दारात गाड्या आल्या, आणि गाडी आल्याबरोबर सगळ्यांना आपलं बालपण आठवायला लागलं. आम्ही पाचसहा जण दर रविवारी सकाळी कॅम्पातल्या एका इराण्याकडे जमायचो आणि लहानपणीच्या कॉमिक्सबद्दल उसासे टाकायचो. कोणी रद्दीच्या दुकानातून एखादा जुना अंक मिळवून आणायचा. मग तो आळीपाळीने सगळ्यांनी हुंगायचा. "अहाहा, हा वास!" कसर लागलेल्या कागदाच्या वासावर आमचे दोन दोन चहा होत. आठवडाभर याच विषयावर एकमेकांना ई-मेल. यात सर्वांत जाणकार एक दंतवैद्य होते. कुठल्या अंकात कोणत्या पानावर कोणी कोणाला ठोसा मारला, हे ते पेशंटच्या तोंडात ड्रिल घालूनही सांगू शकत.

साडू तीन रविवार नुसता ऐकत बसला. चौथ्या रविवारी त्याने बशी खाली ठेवली. "तुमच्यापैकी कोणी लोहचुंबक लेले वाचलंय का?"

कोणीच वाचलं नव्हतं.

"नाही वाचलं?" सख्ख्या मावशीला न ओळखणाऱ्या माणसाकडे बघावं तसं त्याने आमच्याकडे बघितलं. "शनिवार पेठेतला मीटर रीडर. एकदा ओल्या हाताने मीटर उघडलं, तेव्हापासून अंगात चुंबक. गुंडाने सुरा उगारला की तो हातातून सुटून ह्याच्या छातीला आडवा चिकटणार. घरी आत्या वैतागलेली. हा स्वयंपाकघरात डोकावला की तवा, सांडशी, किसणी सगळं ह्याच्या पाठीवर. पितळेपुढे मात्र इलाज नाही. म्हणून त्याच्या वैऱ्याची, डॉक्टर गंजची माणसं तांबे-पितळेची भांडी घेऊन मारायला यायची."

"छापायचे कुठे?" आमच्या दंतवैद्य डॉक्टरांनी संशयाने विचारलं.

"बुधवार पेठेत. रेडिओच्या दुकानामागे छापखाना होता. शुक्रवारी निघायचं. गुरुवारी वीज नसायची ना."

पुण्यात वाढलेल्या माणसाला गुरुवारच्या विजेबद्दल सांगितलं की पुढचं सगळं पटतं. डॉक्टरांचे डोळे लकाकले. "थांबा, थांबा! हिरवा मफलर घालायचा तो!"

"निळा. हिरवा डॉक्टर गंजचा."

"बरोबर! निळाच. मामाकडे यायचे हो अंक!"

बाकीच्यांच्या ध्यानात प्रकार यायला दोनतीन रविवार लागले, पण एकदा आल्यावर कोणी मागे राहिलं नाही. एकाला दाराच्या फटीतून वाहत जाणारा पारा पाटणकर आठवला. दुसऱ्याला वादळ वहिनी आठवल्या, ज्यांनी पदर खोचला की पर्वतीपर्यंत धूळ उडायची. शंभर ई-मेलांतून वाद पेटला की साठाव्या अंकानंतर चित्रकार बदलला आणि लेलेच्या नाकाची रया गेली. पुण्यात वाद घालायला वस्तू अस्तित्वात असावी लागत नाही, हे मला तेव्हा नीट कळलं. डॉक्टर मात्र शेवटपर्यंत मनापासून भांडत होते. त्यांना सांगायचं कसं, हे कोणालाच सुचेना.

एकदा स्कूटरवरून परतताना मी साडूला म्हटलं, "कशाला छळता बिचाऱ्याला? तुम्हाला खरीखुरी आठवत नाहीत का कॉमिक्स?"

त्याने स्कूटर हळू केली. मग म्हणाला, "आमच्या गावात कॉमिक्स पुडीतून यायचं साडूभाऊ. किराणावाला रद्दी आणायचा. जिऱ्याला एक पान, हळदीला एक पान. कोणत्याच गोष्टीचं पुढचं पान कधी मिळालं नाही. मग मीच जोडून घ्यायचो. तुम्ही लोक अख्खे अंक वाचलेले. मी आपला ऐकून राहतो."



एवढ्यावर हे थांबलं असतं. पण एका वर्तमानपत्राच्या शहर पुरवणीने आमच्या ई-मेलांतली गंमत खरी मानली आणि "विस्मृतीत गेलेला पुणेरी महानायक" असा चौकोन छापला. खाली माझा फोन नंबर आणि विनंती: या मालिकेचा अज्ञात चित्रकार कोणाला माहीत आहे का? तिसऱ्याच दिवशी मला एका बाईंचा फोन आला. त्या शाळेत शिक्षिका होत्या. म्हणाल्या, "माझे वडील म्हणतात, ती चित्रं त्यांनी काढलीत."

मी साडूला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा चेहरा सरळ राहिला नाही.

आम्ही दोघे गेलो. कसब्याच्या पुढे एका जुन्या गल्लीत दोन खोल्या. जिन्यातच त्या बाईंनी आम्हाला थांबवलं. "अब्बांनी जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. कॉमिक्स काढायची फार हौस होती, पण कोणी काम दिलं नाही. अम्मी गेल्यापासून विसरतात, सरमिसळ करतात. पेपरात आलेलं मी वाचून दाखवलं, तर म्हणाले, हे माझंच. मला माहीत आहे, नसणार. तुम्ही हसू नका, एवढंच."

"काहून हसू?" साडू म्हणाला. "मी तर त्यांनाच शोधून राहिलो."

आत बाईंचे वडील, पुढे आमचे चाचा, खिडकीशी बसले होते. पांढरी दाढी, बोटांच्या पेरांत मुरलेला रंग. त्यांनी साडूकडे बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "लेलेची अवजारांची पेटी कुठल्या खांद्याला होती? डाव्या की उजव्या? मला आता आठवत नाही."

लेलेला पेटी आहे हे साडूला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. "डाव्या, चाचा."

"मग ठीक. उजव्या हाताने शिडी धरायची असते."

त्यानंतर साडूने रविवारचा इराणी सोडला. मूळ चित्रं पावसात भिजून गेली, तेव्हा ती पुन्हा काढायला हवीत, असं त्याने चाचांना सांगितलं आणि दर रविवारी तिथे जाऊन बसायला लागला. हा गोष्ट सांगायचा, चाचा काढायचे. मी दोनचारदा गेलो, तेव्हा पाहिलं की हा जगाला टोप्या घालणारा माणूस तिथे नुसता दटावणी ऐकत असे. "बेटा, तू बोलतोस फार. माणूस धावतो म्हणालास, पण पळताना चप्पल कुठे जाते ते सांगितलं नाहीस." हा गप्प बसून चपलेचा विचार करायचा. मधेच चाचा विसरायचे, हे कोण, कशाला आले. मग मुलगी मागच्या रविवारचं पान पुढे धरायची. ते पान बघून चाचा म्हणायचे, "हां, हां, लेले," आणि ब्रश उचलायचे. सोळा पानांना आठ महिने लागले.

पूर्ण झालेला अंक घेऊन साडू चाचांना रिक्षाने इराण्याकडे घेऊन आला. चाचांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. मुलगी सोबत होती. पानं टेबलावर मांडली आणि आम्ही सगळे त्यांवर वाकलो. चित्रं इतकी चांगली असतील असं कोणालाच वाटलं नव्हतं. मंडईतल्या लोखंडी काट्यांना, वजनांना, एवढंच काय कुलपांनाही ओढत लेले छपरावरून निघालाय, आणि खाली आत्या एका हाताने आपला तवा घट्ट धरून उभी आहे.

डॉक्टरांनी चष्मा पुसला. एक पान उचलून उजेडात धरलं. "हे मूळ नव्हे."

"यांनीच परत काढलंय डॉक्टर," मी घाईघाईने म्हटलं.

"तसं नाही. हात वेगळा आहे. मूळ लेलेचं नाक बसकं होतं. मी लहानपणी वाचलंय, मला सांगू नका." मग चाचांकडे वळून, अगदी पुणेरी सभ्यपणाने, "आपण चांगले चित्रकार आहात. पण लेले आपण काढलेला नाही. दुसऱ्याच्या कामावर आपलं नाव सांगणं बरं नव्हे."

चाचांनी मुलीकडे पाहिलं. मग साडूकडे पाहिलं. मुलीचा चेहरा उतरला. आम्ही टेबलाकडे बघत राहिलो. साडूकडे हवी तेवढी घरं, हवे तेवढे घर नंबर तयार होते. मामाकडच्या अंकात नाक बसकं का दिसलं, हे तो चुटकीसरशी सांगू शकला असता. त्याने तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाला,

"डॉक्टर, मूळ नव्हतंच. मी बनवलं होतं सगळं. छापखाना, मफलर, सगळं. लेले कधी कोणी काढलाच नव्हता. पहिल्यांदा काढला तो यांनी. हाच पहिला अंक आहे."

डॉक्टरांनी हातातलं पान खाली ठेवलं. "मग मी मामाकडे वाचायचो ते काय?" ते इतक्या हळू म्हणाले की कोणाला हसू आलं नाही.

चाचांना किती कळलं कोण जाणे. ते पुढे वाकले. "आधी नव्हतं?"

"नाही चाचा. माफ करा."

"मग हे माझंच झालं की." त्यांनी खिशातून पेन काढलं. "पाटीवर सही करू देत नाहीत. इथे करू?"

पहिल्या पानाच्या कोपऱ्यात त्यांनी सही केली. साडूने कागद दाबून धरला. त्यानंतर सर्वांत आधी बोलले ते डॉक्टर. "मला पाच प्रती हव्यात," त्यांनी जाहीर केलं. अंक छापला गेला, आणि डॉक्टरांनी तो दवाखान्यात बाहेरच्या बाकावर ठेवला. पेशंट तो पळवत, डॉक्टर पुन्हा ठेवत. मी पहिल्या अंकापासूनचा वाचक आहे, असं ते अजून सांगतात, आणि आता ते खरंही आहे.

आणखी दोन अंक निघाले. तिसऱ्याच्या मध्यावर चाचा गेले. एका तरुण चित्रकाराने पुढचं काढायची तयारी दाखवली, पण साडूने हात जोडले. "लेले त्यांचा. मी नुसता बोलायचो."

चाचांच्या घरी सांत्वनाला जाऊन आम्ही स्कूटरवरून परत निघालो. तो चालवत होता, मी मागे. त्या वर्षी सगळीकडे फ्लेक्सच्या छापील पाट्या लागत होत्या. लक्ष्मी रस्त्यावर सिग्नलला थांबलो तेव्हा त्याने एका सुतळीच्या दुकानाकडे बोट दाखवलं. उन्हाने उडालेली, हाताने रंगवलेली पाटी. "हा चाचांचा हात. 'ळ' बघा, खाली कसा वळवलाय." पुढच्या चौकात एक चष्म्याचं दुकान. "हाही." मग एक गिरणी, एक लॉण्ड्री, बंद पडलेला एक फोटो स्टुडिओ. प्रत्येक ठिकाणी तो स्कूटर हळू करायचा आणि सांगायचा, ही कधीची, ही रंगवताना शिडी कशी घसरली, या मालकाने रंग कोणता मागितला होता. मागून हॉर्न वाजत होते. त्याचा तो सरळ चेहरा मला आरशात दिसत होता.

इतक्या सगळ्या पाट्या एकट्या चाचांनी रंगवल्या असतील का, हे मी त्याला विचारलं नाही. माझं घर मागे पडलं तरी सांगितलं नाही. डेक्कनच्या पुलावर त्याने वेग घेतला, तेव्हा मीच म्हणालो, "तिकडे नदीपलीकडेही एक जुनी पाटी आहे बघा, सायकलवाल्याची. तीही त्यांचीच असेल."