शेवंती पळाली नाय

त्या दिवशी सड्यावर, गावावरच्या कातळाच्या माळावर, आमी चौघी होतो. मी, माझी धाकटी जाव शेवंती, तिची सून रंजना आणि रंजनाची पोर पिंकी. बाकी कोण नाय. आता गावात जे सांगत फिरतायत ना, आमी डोळ्यांनी बघितलं म्हणून, त्यातला एकपण तिकडे नव्हता.

शेवंती लग्न होऊन आली तेव्हा माझ्या खांद्याला लागत होती. पुढं दोघींचे नवरे गेले, तशी आमी चूल एक केली. नाचणी असेल तर नाचणी, नसेल तर पेज. रडायला सवड नव्हती. ती मात्र हसायची. त्या दिवशीपण वैशाखाचं ऊन, कातळ नुसता रसरसलेला, आमी वाळत घातलेली कोकमं उलथत होतो, तर म्हणते, "अक्का, आज भाकऱ्या कातळावरच भाजू, गॅस तरी वाचेल."

दुपार उतरली आणि डोंगराकडनं काळा ढग आला. एकदम गार वारं सुटलं. बागेच्या कडेचा पातेरा, सगळा सुका पाला, गरगरत खांबासारखा वर गेला, कोकमांच्या शेडचे पत्रे खडखडले. मी पिंकीला ओढली आणि दगडी गडग्याखालच्या चरात आडवी झाले, रंजनापण. शेवंती उभीच.

"अगो, पळ!"

"पळायचं नसतं अक्का, पाठी लागतं!"

पायातली चप्पल काढून तिनं वावटळीवर मारलीन. थुंकली. लहानपणी आमा सगळ्यांना हेच शिकवलेलं, वावटळीत भूत असतं, त्याला पाठ दाखवायची नाय. दुसऱ्या चपलेला वाकली... आणि पत्रा आला.

तेराव्याला आमच्याच ओटीवर बसून गावचा भगत म्हणतो, "केस मोकळे सोडून सड्यावर गेली, नेलीन भुतानं."

केस मोकळे! डोक्याला फडका मीच बांधलेला तिच्या. मी म्हटलं, "काय रे, तुझ्या भुताला वैशाखच बरा लागतो? पौषात कुठं असतं, मुंबईला?"

"म्हातारे, तुला काय कळतंय!"

मला कळत नव्हतंच. रंजनाचा भाऊ लांज्याला मास्तर आहे, त्यानं सांगितलं. तापल्या जमिनीवरचं दमट वारं हलकं होऊन वर सुटतं, ढगातलं गार, जड वारं खाली कोसळतं. त्यात वरचं वारं एकीकडे, खालचं दुसरीकडे धावत असेल तर पीळ पडतो, काथ्याला पडतो तसा. म्हणून हे पावसाआधी, दुपार कलल्यावर. अमेरिकेत सपाट मुलूख, गरम आणि थंड वाऱ्याला मध्ये अडवणारं काय नाय, तिथं घरंच्या घरं उडतात. आपल्या देशात बंगालकडे अशा वावटळी उन्हाळ्यात होतात. आपल्याकडे क्वचित, तीपण लहान. पण पत्रा उडवायला लहान पुरते.

परवा घरापुढच्या खळ्यात जराशी धूळ फिरली. शेजारीण ओरडली, "थुंक गो पिंके!" आणि ती पोर... आजीला डोळ्यांदेखत जाताना बघितलेली पोर, चप्पल हातात घेऊन तशीच उभी राहिली. माझं अंग पेटलं. शेजारणीला काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाय.

वाचणाऱ्यांनो, एवढं करा. वावटळ दिसली तर पोराबाळांना उभं राहायला सांगू नका. पक्क्या घरात शिरा, घर नसेल तर खळगा बघून आडवे व्हा, डोकं झाका. आणि आमच्या शेवंतीला भुतानं नेलीन असं म्हणू नका.