डासांचं औषध, बगळ्याचं मरण

प्राणिशास्त्राच्या खात्यात किस्से माश्यांसारखे जमतात; हाकलले तरी परत येऊन बसतात! आमचं कॉलेज परळला. रस्त्यावर 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!', आत फॉर्मॅलिनचा वास आणि आमच्या हेड कोठारेबाई. जुन्या गिरगावकर. आवाज मऊ, जीभ वस्तऱ्यासारखी. मी त्यांचा डेमॉन्स्ट्रेटर.

*

तोंडी परीक्षेत बाईंनी एका लालबागकराला विचारलं, "अन्नसाखळीतली एक कडी काढली तर काय होईल?"

"बाई, मुंबईशिवाय महाराष्ट्र!"

बाहेरचे परीक्षक भडकले. बाई म्हणाल्या, "उत्तर बरोबर. पुढचा!"

*

म्युनिसिपालिटीवाले कॉलेजच्या तळ्यावर डीडीटी फवारायला लागले. डास गेले, आम्ही खूश! मग मासे सुस्तावले. एका सकाळी आमचा लाडका बगळा काठावर मरून पडलेला.

"म्हातारा झाला असेल," शिपाई नामदेव म्हणाला.

"आणि परवा मेलेला खंड्या पक्षी? तोही म्हातारा?" बाईंनी विचारलं.

*

शेजारच्या चाळीतले लोक त्याच तळ्यात गळ टाकायचे. बाई तडक चाळीत. "हे औषध शरीराबाहेर लवकर जात नाही, चरबीत ठाण मांडतं. डासाच्या अळीत कणभर. मासा ढीगभर अळ्या खातो, त्याच्यात चिमूटभर. बगळा ढीगभर मासे खातो, त्याच्यात मूठभर!"

एक मालवणी मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मगे आमी बगळ्याच्या पंगतीक कित्याक बसूचा?"

त्याच दिवशी गळ गुंडाळले!

*

बाईंनी अळ्यांनी वळवळणाऱ्या टाकीत गप्पी मासे सोडले. दुसऱ्या दिवशी एक अळी दिसेल तर शपथ!

नामदेव टाकीत डोकावून म्हणाला, "बाई, ह्यांना परमनंट करा!"

*

तरी म्युनिसिपालिटीचे फवारणीचे साहेब हटेनात. भर दुपारी पंप घेऊन हजर. "मॅडम, औषध एकदम निरुपद्रवी! चमचाभर पिऊन दाखवू?"

"चमचा कशाला? जेवूनच जा." बाईंनी डबा उघडला. रवा लावून तळलेले छोटे मासे. "आपल्याच तळ्यातले."

साहेबांचा हात हवेतच थांबला. "आज... आज माझी चतुर्थी."

"कालच पौर्णिमा झाली की!"

साहेब घाम पुसत उठले. जिन्यावरूनच माणसांवर ओरडले, "पंप गुंडाळा! इथे गप्पी मासेच सोडा!"

आम्ही टाळ्या पिटल्या. बाईंनी शांतपणे डबा पुढे ओढला, लिंबू पिळलं आणि एक मासा तोंडात टाकला. मी किंचाळलोच, "बाई, विष!"

"अहो, मांदेली समुद्र सोडून आपल्या तळ्यात कधी राहायला आली? घ्या, कुरकुरीत आहेत तोवर!"