मागचा लॉकर आणि भीमेची वाळू

मंडळी, गेल्या महिन्यात इथंच विचारलं होतं, मऊ वाळूसाठी डिफरन्शियल लॉकर, म्हणजे दोन्ही बाजूंची चाकं एकत्र फिरवणारा भाग, पुढं बसवू की मागं? बरेच जण म्हणाले, दोन्हीकडं बसव. मला बाजी, म्हणजे ताई, म्हणणारे आमचे मेकॅनिक चाचा म्हणाले, "बाजी, पीछे का काफी है. आगे डाले तो स्टेअरिंग जड होती." मी चाचांचं ऐकलं आणि मागं बटणवाला लॉकर बसवला.

आज सकाळी अक्कलकोटच्या पलीकडं भीमेच्या पात्रात एक पिकअप रुतलेली दिसली. मागं दहा-बारा शेळ्या, आणि मालक मल्लप्पा एकटेच चाकाखालची वाळू उपसत होते. वरच्या धरणातून पाणी सोडलेलं, ते चाकांपासून चार पावलांवर आलं होतं.

मी गाडी खाली घेतली, तसे ते म्हणाले, "ताई, येऊ नका. तुमची बी बसंल की."

वाळूत पकड यावी म्हणून माझ्या टायरमधली हवा कमी केली, पिकअपला दोर बांधला. फोर बाय फोर टाकूनही माझं मागचं डावं चाक नुसतंच फिरायला लागलं, उजवं जागचं हलेना.

थांबले, लॉकरचं बटण दाबलं. आता मागची दोन्ही चाकं एकदम फिरली. स्टेअरिंग सरळ धरून हळूच रेस दिली आणि पिकअप शेळ्यांसकट बाहेर आली.

मागं बघितलं, तर तिच्या चाकांच्या खड्ड्यांत पाणी भरत होतं. मल्लप्पा म्हणाले, "ताई, लई धाडस केलं तुमी." खरं सांगते, दिवसभर मी हवेत आहे.

तुमच्या गाडीनं कधी कुणाला असं बाहेर काढलंय का?